रम्याचा कोळ

सोमवारी सकाळी सकवारबाईंनी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर समोरच्या घरातली संयुक्ता आपल्या उंबऱ्यातच उभी होती, वाट पाहत असल्यासारखी. तिनं जिन्याकडे एकदा नजर टाकली, आवाज खाली आणला आणि आपल्या तमिळमध्ये म्हणाली, "मामी, रम्याच्या कोळाचं कळलं मला. तुम्ही काळजी करू नका. माझ्या तोंडून कुणाला कळायचं नाही."

सकवारबाईंच्या हातात दुधाची पिशवी गार लागत होती. "कुठला कोळ?" असं विचारावं इतकंही त्यांना सुचलं नाही. त्या "हूं" म्हणाल्या, आत आल्या, आणि दूध गॅसवर ठेवायचं सोडून पिशवी तशीच देवापुढे ठेवून बसल्या.

गोष्ट फुटली होती. चौदा तारखेला अजून चार दिवस होते, आणि गोष्ट फुटली होती.

झालं होतं असं. रम्या ही सकवारबाईंची नात. बंगळूरला तारे पाहण्याच्या एका संस्थेत कामाला. आईबाप मस्कतला, म्हणून सुट्टीला ती यायची ते या तमिळ शहरातल्या तिरुवल्लिकेणी भागात, आजीच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी. दोन तारखेला, रविवारी, ती इथे होती. दुपारची जेवणं झाली होती. कीर्ती, मागच्या खोलीत राहणारी सांगलीची मुलगी, मैत्रिणींबरोबर बाहेर गेली होती. तेव्हा रम्या आजीला म्हणाली, झोपाळ्यावर बस, डोळे मीट.

सकवारबाई बसल्या. त्यांनी डोळे मिटले.

"काय झालं?" रम्यानं थोड्या वेळानं विचारलं.

"तू येऊन बसलीस."

"पाहिलंस?"

"पाहायला कशाला पाहिजे? फळी कलली की तुझ्या बाजूला."

"तेच," रम्या म्हणाली. "आम्हीही तेच केलं."

मग तिनं सगळं सांगितलं. एक तारा आहे, लांबचा, त्याला नाव नाही, नुसता नंबर आहे. तो अगदी जरासा एका बाजूला कलतो, मग दुसऱ्या बाजूला. म्हणजे त्याच्याभोवती काहीतरी जड फिरत असणार. ते जड काही कुणी पाहिलेलं नाही, कधी दिसणारही नाही बहुधा. पण ताऱ्याच्या कलण्यावरून ते आहे हे कळतं, आणि किती जड आहे तेही कळतं. आपल्या गुरूच्या तिप्पट. एका फेरीला त्याला सव्वीस वर्षं लागतात, म्हणून बावीस वर्षांच्या जुन्या नोंदी काढून जुळवाव्या लागल्या. त्यातल्या काही ज्यांनी लिहिल्या ती माणसं आता निवृत्त झाली, एकजण तर वारलासुद्धा. ताऱ्यापासून ते इतकं दूर की ऊब पोचतच नाही. थंड, थंडगार.

"आपल्या फ्रीजरसारखं?"

"फ्रीजर त्याच्यापुढे चूल, आजी."

सकवारबाईंनी विचारलं, म्हणजे ग्रहम् की. रम्याचा चेहरा आक्रसला. तो शब्द नको, म्हणाली. तो शब्द या घरात तीन वर्षं कुणी काढत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. तेव्हा रम्यानं शाळेतल्या तमिळ पुस्तकातला शब्द घेतला, कोळ. घरची बोली मराठी, तरी सकवारबाईही तंजावूरला तमिळ शाळेतच शिकलेल्या. पाटीवर गोल काढून त्यात कोळांची नावं लिहिल्याचं त्यांना लख्ख आठवत होतं, आणि पाटी कुणाकडून मागून आणली होती तेही.

मग रम्यानं बजावलं. हे सगळं चौदा तारखेला परदेशातल्या एका मासिकात छापून येणार. तोवर तोंडाला कुलूप. दुसऱ्या देशातली एक तुकडी त्याच ताऱ्याच्या मागे आहे. त्यांना नुसता वास लागला तरी ते आपलं अर्धंमुर्धं दोन दिवसांत जाहीर करून टाकतील, आणि रम्याची चार वर्षं पाण्यात. "मी कुणालाच सांगितलं नाही, आईअप्पांनासुद्धा नाही. पण पोटात राहीना." एवढं बोलून तिनं आजीच्या गालाला गाल लावला आणि हसत म्हणाली, "तुला सांगितलं म्हणजे भिंतीला सांगितल्यासारखं. तुला कळायचंही नाही आणि तू कुणाला सांगायचीही नाहीस."

ती लाडानं म्हणाली, हे सकवारबाईंना समजत होतं. तरी ते वाक्य कुठेतरी रुतून बसलं.

आता देवापुढे बसून त्या आठवायला लागल्या. मी सांगितलं का? कुणाला? केव्हा?

त्यांचं वय एकोणऐंशी. लांबचं विचारावं, तर सगळं जागच्या जागी होतं. धाकट्या बहिणीच्या लग्नात कुठल्या आत्यानं कुठल्या काठाचं लुगडं नेसलं होतं, तंजावूरच्या मानंबूचावडीच्या गल्लीत कुणाच्या गाईचं नाव काय होतं, शाळेच्या घंटेवर कुठे चीर होती, सगळं. पण मागच्या आठवड्यातलं विचारलं की कापूस. गुरुवार हाताला लागेना, शुक्रवार धरावा तर तो बुधवारच निघे. दूध पिशवीतच राहिलं आणि दुपारी नासलं.

अकराच्या सुमाराला संयुक्ता कढीपत्ता मागायच्या निमित्तानं आलीच. सकवारबाईंनी मनाशी ठरवलं होतं की आपण काही बोलायचं नाही, तिला कितपत माहीत आहे एवढंच काढून घ्यायचं. पण संयुक्तानं खुर्ची ओढून सरळ विचारलं, "फार मोठा आहे म्हणे?"

आता नाही म्हणण्यात काय अर्थ होता? "फार मोठा," सकवारबाई म्हणाल्या.

"आणि लांबून?"

"लांब म्हणजे विचारूच नको."

"इतक्या लांब, आणि इतकं थंड," संयुक्ता मान हलवत म्हणाली. "काय तरी एकेक. आपल्या रम्याला काही झळ नाही ना लागली?"

झळ कसली, सकवारबाईंना कळेना. तिथे सगळा गारठा, आणि ते इथवर पोचणार कसं? त्या तसं म्हणाल्याही. त्यावर संयुक्तानं त्यांच्याकडे मोठ्या कणवेनं पाहिलं.

"पोचतं हो मामी. फिरून फिरून पोचतंच."

"फिरायला त्याला सव्वीस वर्षं लागतात," सकवारबाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि निघताक्षणी त्यांनी जीभ चावली.

संयुक्तानं बोटांवर मोजल्यासारखं काही केलं. "सव्वीस वर्षं. म्हणजे हे वैर इतकं जुनं आहे तर," ती पुटपुटली. "तेव्हा तर रम्या दुसरी-तिसरीत असेल. लेकराला काय ठाऊक?"

वैर? सकवारबाईंना वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू येत नाही. त्यांनी डावा कान पुढे केला. पण संयुक्ता आता दुसरंच सांगत होती. येत्या शुक्रवारी पार्थसारथीच्या देवळात रम्याच्या नावानं अर्चना करते म्हणत होती. तुला कुणी सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाली, तुमच्या कीर्तीनं. गेल्या शुक्रवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना. आणि तू कुणाला सांगितलंस, तर, "मी? छे. फक्त सेतुमाधव मामांना. शनिवारी जिन्यात भेटले, तेव्हा राहवलं नाही. ते तर तुमच्या घरचेच."

ती कढीपत्ता न घेताच गेली.

सेतुमाधवराव म्हणजे सकवारबाईंच्या यजमानांचे चुलतभाऊ. जॉर्ज टाउनमध्ये बंदरावरचा माल सोडवून देणाऱ्या एका एजंटाकडे त्यांनी चाळीस वर्षं कारकुनी केली, आणि आता अंबत्तूरला मुलाकडे राहत. दर शनिवारी देवळात येत आणि जाता जाता वहिनींकडे पाणी पिऊन जात. त्यांच्या फोनवर तंजावूरकडच्या मराठी घरांचा एक ग्रुप होता, दोनशेबारा माणसांचा. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाचा गुडघा बदलला, सगळं सेतुमाधवरावांकडून त्या ग्रुपवर जायचं. या माणसाच्या कानात कोळ पडून दोन दिवस झाले होते, आणि ग्रुपवर अजून काही आलं नव्हतं. सकवारबाईंना त्याचाही उलगडा होईना. तो पुरुष दोन दिवस गप्प? का?

संध्याकाळी कीर्ती ऑफिसातून आली. अंबत्तूरहून लोकल, मग बस, मग चालत. घामानं निथळत होती. सकवारबाईंनी तिला ताक दिलं आणि आडून आडून सुरुवात केली. मुलीचा चेहरा पांढरा पडला.

"आजी, मी खरं सांगते. मी दोनच चमचे घेतले."

"कसले दोन चमचे?"

"कोळ. रम्याताईंनी काढलेला. परवा आमटी केली ना मी, आंबटपणाच येईना. मला वाटलं एवढा मोठा डबा आहे, दोन चमच्यांनी काय होतंय. मी आणून ठेवणार होते, आईशप्पथ."

सकवारबाईंनी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, लहान मुलाला लावावं तसं. कीर्तीनं सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी ती असंच ताक पीत बसली होती आणि तिनं सहज विचारलं होतं, आजी, तुम्हाला दिवसभर एकटीला कंटाळा नाही येत? करता काय दिवसभर? त्यावर तुम्ही म्हणालात, कंटाळा कसला, माझ्यापाशी विचार करायला पुष्कळ आहे. आणि मग म्हणालात, "आमच्या रम्यानं एक कोळ काढलाय. हा मोठा. फ्रीजर त्याच्यापुढे चूल, इतका थंड. पण चौदा तारखेपर्यंत कुणाला सांगू नकोस."

"मी म्हटलं, चिंचेचा कोळ काढण्यात एवढं काय गुपित?" कीर्ती म्हणाली. "फ्रीजर उघडून बघितला, तर होताच की डबा. मला वाटलं तुमच्यात काही व्रत असेल, चौदा तारखेपर्यंत न बोलण्याचं. म्हणून संयुक्ता आंटींना विचारलं. माझं तमिळ तुम्हाला माहीत आहे. रम्या, कोळ, मोठा, कोल्ड, सांगायचा नाही, लांब तारखेपर्यंत, एवढंच जमलं. त्यांनी एकदम माझा हातच धरला आणि म्हणाल्या, कुणाला बोलू नकोस. म्हणजे व्रतच असणार."

फ्रीजरमधला डबा पुळियोदरैसाठी, म्हणजे चिंचभातासाठी, शिजवून ठेवलेल्या चिंचेचा होता. नवी चिंच बाजारात आली की सकवारबाई दरवर्षी करून ठेवत. त्याला त्यांच्या घरी कोळ कधीच म्हणत नसत. चिंचेच्या त्या रसाला महाराष्ट्रात कोळ म्हणतात, आणि तो 'काढतात', हे त्यांना या घडीला प्रथमच कळलं.

म्हणजे मीच सांगितलं, सकवारबाई मनात म्हणाल्या. गुरुवारवरचा कापूस थोडा बाजूला झाला आणि त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला, जरा ताठ, जरा मिरवणारा. या पोरीला दाखवायचं होतं, की बाई गं, मलाही काही कळतं. भिंतीनं तोंड उघडलं होतं.

पण कीर्तीला काही कळलेलं नव्हतं. हे चांगलंच होतं. सकवारबाईंनी तिला सांगितलं, की दोन चमचे घेतलेस तर घेतलेस, आणखी लागला तर घे, आणि होय, व्रतच आहे. कीर्तीचा जीव भांड्यात पडला. सकवारबाईंचा मात्र पडेना. कीर्तीला चिंच कळली, तर संयुक्ताला काय कळलं? चिंचेला झळ कशी लागेल? चिंचेचं वैर कुणाशी असेल? संयुक्ताला खरा कोळ कळला असला पाहिजे. तिचा भाऊ कॉलेजात शिकवतो. आणि तिच्याकडून सेतुभावजींना.

मंगळवारी भर दुपारी सेतुमाधवराव आले. शनिवार नसताना, दोन बस बदलून, उन्हातून. पुढे केलेलं पाणी त्यांनी घेतलं नाही. उभ्या उभ्याच जुन्या घरच्या बोलीत म्हणाले, "वहिनी, रम्याविषयी मी कोळ सांगितलें म्हणून तुम्ही सगळ्यांस सांगत आहां?"

आणि तेव्हा, त्या 'सांगितलें' शब्दापाशी, सकवारबाईंच्या डोक्यात दिवा लागला.

तमिळमध्ये कोळ म्हणजे आकाशातला ग्रह, आणि तमिळमध्येच कोळ म्हणजे चहाडी. एकाचं दुसऱ्याला लावणं, पाठीमागे कुणाचं वाईट सांगणं. त्यांना जन्मभर दोन्ही ठाऊक होते. पण गेले आठ-दहा दिवस त्यांच्या मनात तो एकच मोठा थंड कोळ असा बसला होता, की दुसऱ्याला जागाच उरली नव्हती. संयुक्ताला वाटलं होतं, लांब बसलेल्या कुणीतरी थंड काळजाच्या माणसानं रम्याविषयी मोठी चहाडी केली आहे. सव्वीस वर्षांच्या जुन्या वैरापायी. बिचारी म्हणून अर्चना करणार होती.

सकवारबाईंना हसू आलं. ते ओठांपर्यंत येऊन पोचलं, आणि "भावजी, अहो तो कोळ नव्हे" हे शब्दही आले. आणि तिथेच थांबले.

कारण तो कोळ नव्हे, तर मग कुठला, हे सांगावं लागलं असतं. आणि ते दोनशेबारा माणसांच्या या चिटणिसाला.

सेतुमाधवरावांनी फोन पुढे केला. मजकूर लिहून तयार होता. फक्त पाठवायचा बाकी. 'आपल्या कुटुंबातील चि. रम्या हिच्याविषयी मोठा कोळ असल्याची बोलवा आहे. त्यांत माझें नांव गोवणाऱ्यांनी पुढें यावें.' सकवारबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. त्यांच्या डोळ्यांपुढे रघु आला. यजमानांचा भाचा, ग्रुपवरचाच, अमेरिकेत कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा, त्याच तमिळ शाळेत शिकलेला, रम्याचं काम जवळून ठाऊक असलेला. 'रम्या' आणि 'मोठा कोळ' हे दोन शब्द एका ओळीत वाचून रघुला चहाडी आठवली नसती. त्यानं तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, अभिनंदन केलं असतं. आनंदानं. आणि त्याचे मित्र सगळे त्याच धंद्यातले.

"हें पाठवूं नका," सकवारबाई म्हणाल्या.

"कां?"

सकवारबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. सेतुमाधवराव त्यांच्याकडे पाहत होते. पाहता पाहता त्यांचा ताठा उतरत गेला, आणि ते खुर्चीवर बसले.

"म्हणजे तुम्हांस खरेंच ठाऊक आहे," ते म्हणाले.

काय ठाऊक आहे, ते सकवारबाईंना ठाऊक नव्हतं. तोंड उघडायची तर सोय नव्हती. त्या तशाच बसून राहिल्या, आणि सेतुमाधवरावांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली.

तीन वर्षांपूर्वी बंगळूरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा आपल्यातलाच, सहाना नावाच्या लांबच्या भाचीचा दीर. रम्या आणि तो दोनदा कॉफीला भेटले होते. नंतर महिनाभर रम्या इथे आली की फोन उताणा ठेवायची, वाजला की लगेच दिसावा म्हणून; सकवारबाईंनी ते पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं. मग तिकडून निरोप आला, की पत्रिका पाहिल्या, ग्रह जुळत नाहीत. त्या दिवसापासून घरातून तो शब्द गेला.

"ग्रह जुळत होते," सेतुमाधवराव म्हणाले. "मुलाच्या वडिलांनी मला फोन करून विचारिलें, मुलगी कशी. मी म्हटलें, मुलगी हुशार, पण रात्र रात्र डोंगरावर दुर्बिणीपाशीं असते, पुरुषमाणसांत. घर करील असें वाटत नाही. इतकेंच. खोटें एक अक्षर बोललों नाही वहिनी. आमच्या शरण्येस तें स्थळ यावें असें मनांत होतें, तेंही सांगतों. आलें नाही तें."

शरण्या त्यांची नात. सकवारबाईंनी भिंतीवरच्या यजमानांच्या फोटोकडे पाहिलं, मग खिडकीकडे. त्यांना राग यायला हवा होता. तो कुठे आहे ते सापडेना. त्यांना एवढंच दिसत होतं, की त्या माणसाचा अंगठा अजून त्या मजकुरावर आहे.

"तें पुसा," त्या म्हणाल्या.

त्यांनी पुसलं. पाणी मागून प्याले आणि उन्हातच परत गेले. काय झालं, कोण कुणाला काय म्हणालं, हे सकवारबाईंना बराच वेळ उमगेना. कुणी आरोप केला नव्हता, आणि गुन्हेगार स्वतःच्या पायानं दोन बस बदलून आला होता.

चार वाजता त्यांनी रम्याला फोन लावला आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं, की मी बोलून गेले. मग रम्यानं अगदी हळू विचारलं, कुणाला? आणि नेमके कुठले शब्द वापरलेस?

सकवारबाईंनी सांगितलं. कीर्तीची चिंच सांगितली, संयुक्ताचं सव्वीस वर्षांचं वैर सांगितलं, सेतुभावजी उन्हातून येऊन गेले तेवढंच सांगितलं. पलीकडून कसला तरी आवाज आला, आणि त्यांना वाटलं पोरगी रडते आहे. ती हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला.

"आजी, कुणालाच काही कळलं नाही," ती म्हणाली. "कुणाला काही समजावून सांगू नकोस. शुक्रवारपर्यंत सगळ्यांना असंच गोंधळात राहू दे. आणि सेतु ताता का आले होते?" सेतुआजोबांना ती ताता म्हणायची.

"ऊन लागलं त्यांना," सकवारबाई म्हणाल्या.

हे खोटं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, खरंही नव्हतं.

पुढचे तीन दिवस त्या घरात कुणाचं कुणाला कळत नव्हतं. संयुक्ता येता-जाता त्यांचा हात दाबायची. कीर्तीनं अंबत्तूरच्या बाजारातून अर्धा किलो नवी चिंच आणून गुपचूप डब्याशेजारी ठेवली आणि आजींच्या व्रताला आपल्यामुळे बाधा आली नाही ना, असं दोनदा विचारलं. सकवारबाई झोपाळ्यावर बसत आणि उठत. रम्याला सांगावं का? तीन वर्षं पोरगी एका बाजूला कललेली होती, आणि आपण सगळे पंचांगात बघत होतो. तिला कळायला हवं, कुणाच्या वजनानं. पण मी जाऊन तिला सांगायचं, की तुझ्या तातानं तुझ्यामागे असं केलं, तर ते तरी काय झालं? कोळच. एकाचं दुसऱ्याला लावणं. आणि नाही सांगितलं, तर मी त्यात भागीदार. विचार इथवर यायचा आणि गाठ बसायची. त्या उठून गॅसवर काही ठेवलंय का ते बघून यायच्या. काही नसायचं.

शुक्रवारी संध्याकाळी उशिरा रम्याचा मेसेज आला. एकच शब्द होता, 'आलं'. सकवारबाईंनी देवापुढे वात लावली. आता तोंड उघडायला हरकत नव्हती, आणि कुणाला सांगावं ते सुचेना.

शनिवारी सकाळी तमिळ वर्तमानपत्रात चौथ्या पानावर बातमी होती, रम्याच्या लहानशा फोटोसकट. मथळ्यात तोच शब्द होता. संयुक्ता पेपर घेऊन धावत आली, मामींना मिठी मारली, मग मध्येच थांबली आणि म्हणाली, पण मग मी काल अर्चना कसली केली? कीर्तीनं फोनवर बातमीचं मराठी करून वाचलं, फ्रीजर उघडून डब्याकडे पाहिलं आणि आत जाऊन उशीत तोंड घालून हसत राहिली.

दहा वाजता सेतुमाधवराव आले. कपाळावर देवळाचं गंध, काखेत पेपर. या वेळी ते आत येईनात. दारातच पेपर उघडून त्यांनी मथळ्यावर बोट ठेवलं.

"हें कोळ?"

"हेंच."

"तें मोठें, थंड, लांबचें, सगळें हेंच?"

"हेंच, भावजी."

त्यांनी पेपराची घडी घातली, आणि पुन्हा उलगडली. "म्हणजे मला कोणीच कांही म्हटलें नव्हतें."

"नाही."

"मग मी उगीच सांगितलें."

उगीच होतं का? सकवारबाईंना खरोखरच माहीत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी गुपित राखलं होतं, आणि ते राखता राखता दुसरं एक त्यांच्या ओटीत येऊन पडलं होतं. हे त्यांनी मागितलेलं नव्हतं. त्यांना ते पेलत नव्हतं.

"रम्येस ठाऊक आहे?" सेतुमाधवरावांनी विचारलं.

"माझ्याकडून नाही."

"सांगणार आहां?"

"मी सांगितलें तर तेंही कोळच होईल," सकवारबाई म्हणाल्या. चार दिवस डोक्यात फिरत असलेलं हे वाक्य तोंडातून आल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. त्यांनी झोपाळ्यावरचा फोन उचलला, रम्याचं नाव शोधलं, दाबलं, आणि तो सेतुमाधवरावांच्या हातात दिला. ते "वहिनी, वहिनी" म्हणेपर्यंत पलीकडून रम्याचा आवाज आलाही.

सेतुमाधवरावांनी दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला. मी सेतु ताता, म्हणाले. अभिनंदन केलं. पेपरात फोटो बरा आला आहे, म्हणाले. मग विचारलं, केवढा आहे तो. रम्या सांगत होती. आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता, खुशीतला. किती लांब, विचारलं. किती थंड. मग पुन्हा, केवढा म्हणालीस? रम्यानं पुन्हा सांगितलं. पुढे विचारायला काही उरलं नाही, तेव्हा ते थांबले. त्यांनी सकवारबाईंकडे पाहिलं, की फोन घ्या आता. सकवारबाई हात पुढे न करता झोपाळ्यावर बसल्या.

"हॅलो? ताता? कट झाला का?" रम्या विचारत होती.

"नाही, आहे," सेतुमाधवराव म्हणाले. "रम्या, एक गोष्ट आहे. तीन वर्षांमागची."

सकवारबाई झोपाळ्यावरून उठून उभ्या राहिल्या. का उभ्या राहिल्या, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.